रेवाची शाळा आणि देवरे सरांची बदली

१२ मार्च, गुरुवार

वाडीच्या शाळेत पहिलीला अजून एक जागा आहे. दुजोरा: मुख्याध्यापक देवरे सर, सकाळी फोनवर. वर्षभर 'पट भरला' एवढंच ऐकत होते. म्हसरूळ सोडून दिंडोरी रस्त्याने आत वळायचं, द्राक्षबागांच्या मधोमध दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा, आणि तिथे नाशिकचे आईबाप मूल घेऊन जातात. सर म्हणाले, "आधी बघून जा. नुसतं ऐकून मूल आणू नका."

रेवाच्या बाबांना, नितीनला, सातपूरला कंपनीत फोन केला. मागे मशिनचा आवाज. म्हणाला, घेऊन टाक. दुधाची पिशवी सांगावी तसा. थोड्या वेळाने त्याचाच फोन, खरंच मिळेल का? आता आवाज वेगळा होता.

दिवसभर डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्यांना मथळे दिले. एकही आठवत नाही.

१३ मार्च

मोठ्या इंग्रजी शाळेत पालकसभा. रेवा तिथे सिनियर केजीत. तिच्या मिस अगदी खूश. "शी इज नो ट्रबल ॲट ऑल." मी विचारलं, वर्गात बोलते का? मिसनी आठवून पाहिलं. मान हलवते, म्हणाल्या. छान हलवते.

दोन वर्षांत नुसती मान. हीच मुलगी घरी दात घासतानाही गप्प बसत नाही, आरशावर फेस उडतो.

येताना रिक्षात तिने विचारलं, शाळेत मराठीत रडलं तर चालतं का. चालतं, म्हणाले. कुणाला न विचारता दिलेलं उत्तर.

मोठ्या शाळेत पहिलीची जागा एप्रिलअखेर पक्की करायची, नाहीतर जाते. म्हणजे तोवर ठरवायचं.

१६ मार्च, सोमवार

फजिती. लिहून ठेवते, नाहीतर पगारे उद्या स्वतःच्या पद्धतीने सांगत सुटेल.

पगारे आमच्या पेपरात शिक्षण खातं बघतो. मी वाडीला जाणार हे ऐकून त्याने कौतुकाने परस्पर फोन करून टाकला, आमच्या मॅडम येताहेत म्हणून. मॅडम मुलीसाठी येताहेत हे सांगायचं राहिलं.

पोचले तर फाटकापाशी दोन रांगा. लेझीम. एका शिक्षिकेच्या हातात गुलाबांचं ताट. व्यवस्थापन समिती झाडून हजर. सरपंचांनी शाल-नारळ दिला आणि कंपाउंड भिंतीचं रखडलेलं काम दाखवायला नेलं. भिंत नव्हतीच, तिचा पाया होता. "आमचं नाव नाय आलं तरी चालंल मॅडम, पण भिंतीचा फोटो रंगीत टाका."

मी सांगून पाहिलं की मी पालक म्हणून आले आहे. सरपंच हसले. पत्रकार असंच म्हणतात, असं त्यांच्या चेहऱ्यावर.

देवरे सरांच्या लक्षात आलं असावं. निरोप देताना हळूच म्हणाले, उद्या या, कुणाला न सांगता.

शिकवणं किती कळलं? शून्य. रेवा पूर्ण वेळ माझ्या ओढणीत. नि. ला फोनवर सांगितलं तर तो गाडी बाजूला घेऊन हसला.

१७ मार्च

हे नीट लिहायला हवं.

नि. ने अर्धी सुट्टी काढली. म्हसरूळच्या पुढे सिंहस्थाच्या कामांनी रस्ता खणलेला, धुळीने तिघेही पांढरे. शाळेत पोचलो तेव्हा परिपाठ चालू होता. दुसऱ्या शिक्षिका प्रशिक्षणाला गेलेल्या, म्हणून चारही वर्ग एकाच खोलीत, जमिनीवर. आम्ही मागे बसलो. कुणी उठून उभं राहिलं नाही. किती बरं वाटलं.

बातम्यांची वेळ. एरवी शाळांत मुलं पेपरातल्या बातम्या वाचून दाखवतात. इथे घरची बातमी सांगायची. आणि कुणी सांगितलं, तेही सांगायचं. सर नुसतं विचारतात, "कशावरून?" एक म्हणाला, आमची शेळी व्याली. कशावरून? मी धरली होती. पेठकडच्या मजुरांची मुलं पण होती, बागेच्या कामाला आलेल्यांची. त्यांच्यातली एक तिच्या बोलीत बोलली. कुणी हसलं नाही. सरांनी तिचा शब्द फळ्यावर लिहिला, शेजारी आपला, दोन्ही सगळ्यांकडून म्हणून घेतले.

चौथीतली गायत्री रेवाजवळ सरकली. तुझी काय बातमी, म्हणाली. नि. ने माझा हात धरला.

रेवा म्हणाली, "आज बाबांनी पोहे जाळले."

"कशावरून?"

"आईने खिडक्या उघडल्या."

अख्खी खोली हसली. नि. सगळ्यात मोठ्याने. रेवाने आजूबाजूला पाहिलं, आणि मग तीही.

घरी येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांना तेच वाक्य परत परत सांगत होतो.

१९ मार्च, पाडवा

घरची गुढी उभारून वाडीला. पाडव्याला नवी मुलं पटावर घ्यायची तिथली रीत. शाळेपुढे गुढी, नवीन मुलांना एकेक साखरेची गाठी. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसे. रेवाने उजवा पाय उमटवला आणि डावा पण हवा म्हणून अडून बसली. तोंडाने, शब्दांत, अनोळखी माणसांसमोर भांडली. बाकीचे पालक म्हणत असतील, हट्टी आहे. मला लाडू वाटावेसे वाटत होते.

नाव लागलं. रेवा नितीन, इयत्ता पहिली, जूनपासून.

मोठ्या शाळेची जागा मात्र अजून सोडलेली नाही. नि. म्हणाला, अण्णांना सांगू, मग सोडू.

२२ मार्च, रविवार

नाशिकरोडला अण्णांकडे. सासरे. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालूनच पेपर वाचतात.

मिसळ खाईपर्यंत कुणीच विषय काढला नाही. काढला रेवानेच. मी शेळीच्या शाळेत जाणार.

अण्णांनी चमचा ठेवला. ओरडले नाहीत. ते ओरडत नाहीत. म्हणाले, "सुमेधा, मी गाव सोडून इथे आलो ते पोरांनी चांगल्या शाळेत जावं म्हणून. तरी नितीनचं इंग्रजी कच्चं राहिलं, आणि त्याच्या हाताखालची पोरं साहेब झाली. आता तुम्ही नातीला परत बागेत नेऊन सोडताय?"

नि. पाव कुस्करत राहिला. कारण ते खरं आहे. गेल्या वर्षी त्याची बढती मुलाखतीतच गेली, इंग्रजीत.

मी पोह्यांचं सांगितलं. नको होतं सांगायला. अण्णा म्हणाले, पोहे जाळल्याचं सांगायला शाळा कशाला लागते.

परतताना नि. चा प्रश्न: अण्णांचं बरोबर असेल तर? मी म्हटलं, मोठ्या शाळेत तिला चांगलं इंग्रजी ऐकू येईल. बोलणार ती कोणत्या भाषेत आहे? मलाच ते वकिली वाटलं.

११ एप्रिल

वाडीला पहिलीच्या मुलांचा मेळावा होता. मला रजा नव्हती, नि. ला दुसरी पाळी, शेजारच्या मावशी रेवाला घेऊन गेल्या. त्यांचा मेसेज: तुमचे सासरे इथे आहेत.

अण्णा! एकटे, दोन बस बदलून, कुणाला न सांगता. संध्याकाळी फोन केला. त्यांनी सरांना इंग्रजीचं विचारलं. सरांनी गायत्रीला पुस्तक दिलं, तिने धडाधड वाचून दाखवलं. अण्णांनी मध्ये एक उच्चार सुधारला. तिने तो वहीत लिहून घेतला.

"वाचन बरं आहे," अण्णा म्हणाले. "उच्चार गावठी. आमचेही तेच होते." मग, "ती गायत्री आधी माझ्याशी भांडली, म्हणे 'तुमचंच बरोबर कशावरून?'"

रागावले असतील असं वाटलं. पण ते हे दोनदा सांगत होते.

२४ एप्रिल

दुपारी पगारे खुर्ची ओढून बसला. तो खुर्ची ओढतो तेव्हा बातमी वाईट असते. ताई, देवरे सर बदलीच्या यादीत बसतात. त्यांनी स्वतः अर्ज केलाय, सटाण्याकडे, घराजवळ. आदेश शाळा उघडायच्या सुमारास.

मी विचारलं, दुसरा दुजोरा? म्हणाला, तुम्हीच घ्या, नंबर आहे तुमच्याकडे.

नंबर लावला नाही. पहिल्यांदाच एखादी बातमी पक्की करायची भीती वाटली.

२५ एप्रिल

सरपंचांचा फोन. गावाला कळलंय. त्यांचं गणित सरळ आहे: माझ्या पेपरात चार ओळी येऊ द्यायच्या, गाव शाळेला कुलूप ठोकेल, त्याचा फोटो छापायचा, बदली थांबेल. मागे एकदा जमलंय म्हणे. "तुमची पण पोरगी हाय आता आमच्यात. बघा."

खरं सांगायचं तर फोन ठेवेपर्यंत मथळा माझ्या डोक्यात तयार होता. दोन कॉलमी.

२७ एप्रिल

सरांना भेटले. शाळा सकाळची, मुलं सुटलेली. कडुनिंबाखाली दोन खुर्च्या. ते आईशी फोनवर बोलत होते, घरच्या अहिराणीत, "बरं शे, बरं शे" करत. फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, विचारा.

अर्ज खरा आहे. बायको तिकडे शिक्षिका, आई तिकडे. शनिवारी रात्री जातात, रविवारी परत.

"माझी मुलगी तिसरीत आहे, मॅडम. इथल्या सगळ्या पोरांच्या बातम्या मला पाठ असतात. तिची सोमवारची बातमी मी कधी ऐकलेली नाही."

मी म्हटलं, मी लिहिणार नाही. ते म्हणाले, तेवढंच सांगायचं होतं, गाव प्रेमाने करतंय पण माझं घर अडतं.

मग मी माझं सांगितलं. की आम्ही तुमच्यासाठी शाळा निवडली, आता जागा सोडायची मुदत आली, काय करू.

सर गोंधळले. म्हणाले, पण पहिली माझ्याकडे नाहीच. तिसरी-चौथी माझी. पहिली-दुसरी गांगुर्डे बाईंची, आल्यापासून.

मी इतकी वर्षं या धंद्यात आहे. मोठं नाव दिसलं की त्याच्याकडून दोन वाक्यं घ्यायची, पान छपाईला सुटतं. पहिल्या दिवशी गुलाबांचं ताट घेऊन उभी होती ती गांगुर्डे बाई. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणाला गेलेली, तीच. पाडव्याला रेवाचे पाय कुंकवात धरले ते तिनेच. मी तिचं नावही विचारलं नव्हतं. पहिलीला कोण शिकवतं, हा एवढा साधा प्रश्न सहा आठवड्यांत मी कुणालाच विचारला नाही!

वाटेत मोठ्याने हसू आलं. शेजारच्या रिक्षावाल्याने पाहिलं.

२८ एप्रिल

गांगुर्डे बाईंच्या वर्गात बसले, सकाळभर, रेवासह. वयाने लहान आहेत, तिशीच्या आत. माझ्यामुळे सुरुवातीला घाबरल्या. मी वही पिशवीत ठेवली तेव्हा सैल झाल्या.

आवाज लहान. वर्गाला ऐकू यायला मुलांनाच गप्प व्हावं लागतं, आणि होतात. पहिलीची मुलं दुसरीच्या मुलांना वाचून दाखवतात, चुकलं तर दुसरीवाला बोट ठेवतो. बाई मध्ये पडत नाहीत. एका मुलाला शब्द येईना. बाई थांबल्या. इतकं थांबल्या की मीच सांगून टाकणार होते. त्याने काढला शब्द. बाई म्हणाल्या, बरं, पुढे. बस्स.

बाईंना विचारलं, जे मूल बोलतच नाही त्याचं काय करता. म्हणाल्या, "मी पण नव्हते बोलत, मॅडम. चौथीपर्यंत. घाई नाही करत."

रेवा त्यांच्या खुर्चीखाली बसून त्यांच्या चपलेशी खेळत होती आणि चपलेला काहीतरी समजावून सांगत होती. मराठीत.

सर गेले तर त्यांच्या जागी कुणी येईलच असं नाही. जागा रिकामी राहिली तर चारही वर्ग एकट्या बाईंवर. मग हे थांबणं कुठून येणार? हा धोका खरा आहे. हाही बाईंनीच सांगितला, मी न विचारता.

३० एप्रिल

सकाळी नि. आणि मी चहा घेत बसलो. दोन्ही बाजू मांडल्या, जशा अग्रलेखाच्या बैठकीत मांडतात. मोठी शाळा: इंग्रजी, दारात बस, कुणाची बदली नाही. वाडी: गांगुर्डे बाई. नि. म्हणाला, मला इंग्रजी आलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाला, पण मुलाखतीत माझं इंग्रजी नव्हतं अडलं. तोंडच उघडलं नाही. येत होतं तेवढंही.

हे त्याने मला याआधी सांगितलं नव्हतं.

मोठ्या शाळेला मेल करून जागा सोडली. दुपारी पोच आली, विनम्र. आणि भूक लागली. दोघांनी भेळ खाल्ली.

अण्णांना नि. ने स्वतः कळवलं. ते म्हणाले, एक वर्ष बघू. मग, बाईंचं नाव काय म्हणालास?

१७ मे, रविवार

गायत्रीच्या आईने बोलावलं म्हणून रेवाला दिवसभर वाडीला सोडलं. बागा खरड छाटून बोडक्या, पुन्हा फुटायला लागलेल्या. संध्याकाळी आणायला गेले तर यायला तयार नाही. गुडघा फुटलेला, त्यावर हळद. विचारलं, रडलीस का? हो. कुणासमोर? सगळ्यांसमोर.

गाडीवर मागे बसून मला ऐकवत होती, शेळीला किती पोटं असतात. कशावरून, विचारलं. म्हणाली, हे तू बाईंना विचार.

६ जून

बदलीचे आदेश अडले आहेत, कुणीतरी कोर्टात गेलंय, असं पगारे म्हणतो. एकाच सूत्राकडून, म्हणून मी आनंदही मानला नाही आणि दुःखही.

सर वाडीत खोली आवरतात असं गायत्रीच्या आईने कळवलं. सामान बांधलंय, नेलेलं नाही. बिचारे.

संपादकांना सांगून टाकलं, वाडीची कुठलीही बातमी माझ्या टेबलावर नको. ते म्हणाले, फार नीतिमान होऊ नका, सुट्टीच्या दिवशी डेस्कवर तुम्ही एकट्याच असता, तेव्हा पान कोण लावणार.

१३ जून, शनिवार

आदेश अजून नाहीत. कोर्टाची अडचण दूर झाली, उद्या रविवार असूनही निघतील, असं पगारेने दोन ठिकाणांहून पक्कं केलंय. देवरे सरांचं नाव आहे, हे जवळपास नक्की. त्यांच्या जागी कोण, की कुणीच नाही, ते कुणाला माहीत नाही.

काल गावाची सभा झाली. निम्म्यांना सोमवारी पहिल्याच दिवशी शाळेला कुलूप ठोकायचंय, निम्म्यांना ट्रॅक्टर सजवून नवीन मुलांची मिरवणूक काढायचीय. सर स्वतः उभे राहून म्हणाले, मला आनंदाने जाऊ द्या. तरी ठरलं नाही. सरपंचांना फोन केला. ते दोन्हींची तयारी ठेवून आहेत. "कुलूप नवं आणलंय, मॅडम. आन् फुगे पण."

गांगुर्डे बाईंनाही फोन केला. त्या इतक्या हळू बोलतात की फोन कानावर दाबून धरावा लागला. कुलूप लागलं तर? म्हणाल्या, मी कडुनिंबाखाली वर्ग घेईन. पहिलीचा पहिला दिवस आहे, तो चुकवून कसं चालेल. सर गेले आणि दुसरं कुणी नाही आलं तर? मी थांबले. आता येतं मला. "भीती वाटतेच की, मॅडम. पण तुम्ही मूल आणा."

अण्णा उद्या राहायला येताहेत. शर्टाला इस्त्री तिकडूनच करून आणणार, असा निरोप.

रेवा आणि गायत्रीचं काहीतरी ठरलंय. दुपारपासून रेवा कोपऱ्यात बसून रंगीत कागद कापते आहे. मी डोकावले तर दोन्ही हातांनी झाकलं. काय आहे, विचारलं. सगळं मला सांगणारी मुलगी म्हणाली, तुला नाही सांगायचं. हे शाळेतलं आहे.

मला चक्क मत्सर वाटला, आणि आतल्या खोलीत जाऊन मी नि. ला मिठी मारली. त्याला काही कळेना.

उद्या दुपारपर्यंत पगारेचा फोन अपेक्षित. सोमवारी सकाळी नऊला आम्ही चौघं वाडीच्या वेशीवर. तिथून ट्रॅक्टर निघेल, नाहीतर चालत जाऊ. शाळा दहाला भरते, आत किंवा बाहेर. मी रजा टाकली आहे.